वाकड्या वस्तूची गवसणी

लेन्स म्हणजे मसूर. लॅटिनमध्ये ‘लेन्स’ हे मसुराचंच नाव. दोन्ही अंगांनी फुगीर घासलेली काच त्या दाण्यासारखी दिसली, म्हणून सतराव्या शतकात काचेलाही तेच नाव चिकटलं. जर्मन भाषेत आजही मसूर आणि भिंग दोन्ही ‘लिन्झं’च, आणि अरबीत भिंगाला ‘अदसा’ म्हणतात तेही मसुरावरूनच. मसूर डब्यात ओतली की काम झालं. पण कॅमेऱ्याचं जुनं पितळी भिंग घेऊन कोकणातल्या आमच्या देवबागात या, मग कळेल की या मसुरीला डबा मिळत नाही.

आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी असंच एक भिंग टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. योझेफ पेट्झवाल यांनी 1840 साली व्हिएन्नात ज्या रचनेचं गणित मांडलं, त्या जातीचं. पूर्वीच्या भिंगांपेक्षा ते इतका जास्त उजेड आत घेई की माणसाला मिनिटं मिनिटं पुतळ्यासारखं बसवून ठेवायची गरज संपली. गुण मोठे, पण आकार अवघड. पुढे तोंड पसरलेलं, मागे चकतीसारखी रुंद कडा, एका कुशीतून बाहेर आलेली फिरवायची मूठ. आणि नळीच्या पाठीवर एक उघडी खाच. जॉन वॉटरहाउस यांनी 1858 मध्ये सुचवलेल्या भोकांच्या पट्ट्या तिच्यातून आत सरकवतात. पट्टी नसली की त्याच खाचेतून देवबागची वाळू आत जाते. इथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. वारा कुठूनही सुटो, तो मीठ घेऊनच येतो.

शेजारच्या आजींनी ते भिंग हातात घेऊन निकाल दिला, “हेका एक खोळ शिवूक व्हयी.” खोळ हा शब्द कोकणाला मुरलेला आहे. उशीला खोळ, गादीला खोळ, आणि पावसात घोंगडी कोपरा दुमडून डोक्यावरून घेतली की तीही खोळच. पण खोळ सैल असते. आतली वस्तू सरळ असो की वाकडी, तिला फिकीर नाही. भिंग खोळीत घातलं तर आतल्या आत लोळणार.

मग बाकीचे शब्द चाचपून पाहिले. म्यान फारसीतून आलेलं, आणि ते एकाच तलवारीचं. दुसरी आत जाणार नाही, आणि बाजूला मूठ असलेली तर नाहीच. गलेफ म्हणजे अरबी ‘गिलाफ’. त्याचा अर्थ आच्छादनच, पण आपल्याकडे तो पिराच्या मजारीवर चढतो. अभ्रा दिसतो संस्कृत. वाटतं, अभ्र म्हणजे ढग, त्यावरून मऊ उशीचा अभ्रा आला असेल. तसं काही नाही. फारसीत कपड्याच्या वरच्या पदराला ‘अबरा’ म्हणतात आणि आतल्याला ‘अस्तर’. जोडीतलं अस्तर शिंप्याकडे राहिलं आणि अबरा मराठीत ढगाचा वेश घेऊन उशीवर जाऊन बसला. मुडी हा आपला खास शब्द. भात पेंढ्यात घालून वरून दोरीने आवळून बांधायचं, की झाली मुडी. आतल्या मालाला ती घट्ट धरते हे खरं, पण भिंगाभोवती पेंढा म्हणजे कुसळं आणि धूळ. पेटाराही मनात आला. दशावतारी मंडळी आपला सारा संसार पेटाऱ्यात घालून गावोगाव फिरतात. जुन्या छायाचित्रकारांचंही तसंच. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळी काचा, रसायनं, तिकाटणं असा संसार बाहेर न्यायचा तर पेट्याच लागत. पण पेटी वस्तूचा आकार विचारत नाही, पेटीच्या आकारात वस्तूनेच बसायचं.

उरली गवसणी. तंबोऱ्याची गवसणी, वीणेची गवसणी, पखवाजाची गवसणी, पालखीचीही. ही सगळी मंडळी बेढब आहेत. तंबोऱ्याला खाली भोपळा, वर लांब दांडी आणि बाहेर निघालेल्या खुंट्या. गवसणी शिवणारा त्या वस्तूला हात लावून पाहतो, कुठे फुगीर, कुठे बारीक, कुठे टोक, आणि कापड तसं बेततो. डबलबारी भजनाला निघालेल्या बुवांचा पखवाज जिच्यात असतो, ती गवसणी पाहिली की लांबूनही आत काय आहे ते ओळखता येतं. खोळ आकार लपवते, गवसणी आकार दाखवते.

शब्दाचं कूळही वस्तूला शोभणारं आहे. गवसणे हे संस्कृत ‘गवेष’पासून आलं, आणि गवेषणाचा मूळ अर्थ गाईंचा शोध. हरवलेली गाय शोधायची, ती सापडली की गवसली. माझ्या मते गवसणीचं नातं याच गवसण्याशी आहे. जे गवसतं ते पकडीत येतं, आणि गवसणी वस्तूला चहूबाजूंनी पकडीत घेते. ‘आकाशाला गवसणी घालणे’ या म्हणण्यातली गंमतही इथेच आहे. आकाशाला कड नाही, कोपरा नाही, माप घ्यायचं कुठून? दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रं घरोघरच्या मुलांकडून आकाशाला गवसणी घालून घेतात. वाक्प्रचार छापून छापून गुळगुळीत झाला, आणि घरातली खरी गवसणी मात्र ‘कव्हर’ झाली.

भिंगाची गवसणी जाड सुती कापडाची, गोधडीसारखी दुपदरी शिववावी. मुठीसाठी कुशीत फुगा ठेवावा, तोंडाला चेन न लावता नाडी घालावी. चेनीचे दात पितळेला ओरखडतात. खाचेवर कापडाचा पदर यायलाच हवा. पण ही गवसणी नेण्या-आणण्यापुरती. ठेवताना भिंग बाहेर काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं. दमट कापडात किंवा चामड्याच्या पेटीत महिनोन्महिने राहिलं तर काचेवर बुरशीची जाळी धरते. गाडीत उन्हात सोडू नये, कारण पुढच्या दोन काचा बाल्समने चिकटवलेल्या असतात आणि उष्णतेने तो मऊ पडतो. आणि घरातल्या कुणी तांब्याबरोबर ते चिंचेने घासायला घेतलं तर आधी हात धरा. पितळेवरचा जुना लाखेचा थर त्यात निघून जातो.

शिंप्याकडे गेलात तर कव्हर मागू नका, गवसणी मागा. त्याला कळलं नाही तर वाडीतल्या पखवाजवाल्याला सोबत न्या.