मुळशीचे पाणी आणि ग्रंथालयाची परीक्षा

मुळशी तालुक्यातील लवळ्याला आज सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत. याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापट त्यांचे नेते झाले. ग्रंथालयात दिलेले शिक्षण विद्यार्थ्यात किती मुरले, हे पाहण्यास याहून चांगला विषय आम्हांस सुचत नाही.

बडोद्यात १९११ साली बॉर्डन यांनी प्रशिक्षणवर्ग काढला, तो ग्रंथपालांसाठी. नव्या वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देणे हाही संदर्भसेवेचाच भाग, हे रंगनाथनांनी सांगितले. दीक्षा फळली की नाही, हे मात्र कसे ताडायचे? १९९४ साली नॅक स्थापन झाली. तिच्या मूल्यांकनासाठी ग्रंथालयाच्या वापराचे आकडे मांडले जाऊ लागले. पण दारातून किती जण आत आले, यावरून ते काय शिकून बाहेर पडले हे कळत नाही. २००० साली अमेरिकी ग्रंथपालांनी माहिती-साक्षरतेचे निकष ठरवले, त्यांत शोधण्याइतकेच महत्त्व पारखण्याला होते.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यापुढे दोन पुस्तके ठेवू: सत्याग्रहात स्वतः उतरलेल्या विनायकराव भुस्कुट्यांचे आणि अभ्यासक राजेंद्र व्होरांचे, २००९चे. दोन्ही सापडली, याला थोडे गुण. दोघांच्या सांगण्यात फरक कुठे आणि का, हे लिहिले तर अधिक. आणि ज्यांची शेते बुडाली त्यांचे स्वतःचे शब्द या कपाटात किती थोडे आहेत, असे ज्याला विचारावेसे वाटले, तो ग्रंथालय शिकला असे आम्ही म्हणू.