वाम, अहीर आणि गुणसूत्रे : एका तुलनेचा इतिहास

रायपूरजवळून वाहणारी खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. या खोऱ्यातल्या लांब, सापासारख्या माशाला बाजारात ‘बाम’ आणि मराठी घरांत ‘वाम’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव मास्टासेम्बेलस आर्मेटस. समुद्रात जन्मून नदीत वाढणारा अहीर, म्हणजे अँग्विला बेंगालेन्सिस, हा वेगळ्याच गणातला. आकार सारखा असला तरी नाते जवळचे नाही. मग नाते ओळखायचे कशावरून?

बाह्यलक्षणांचा काळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने मणके मोजून उत्तर शोधले. अमेरिकन अहिरात सरासरी सुमारे 107, तर युरोपीय अहिरात सुमारे 115 मणके भरतात. दोन्ही जाती सारगासो समुद्रात जन्मतात, असे त्याने 1922 मध्ये मांडले.

1959 मध्ये डेनिस टकर यांनी यावर आक्षेप घेतला. युरोपीय अहीर विणीसाठी परत पोहोचतच नाहीत, ती अमेरिकन अहिरांचीच पिल्ले आहेत आणि मणक्यांतला फरक पाण्याच्या तापमानामुळे पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे असते, तर युरोपातील नद्यांत अहीर जपून पुढच्या पिढीला काहीच उपयोग झाला नसता.

गुणसूत्रांचा पुरावा

पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याचे तंत्र टी. सी. श्यू यांनी 1952 मध्ये मांडले. 1956 मध्ये त्जिओ व लेवान यांनी माणसाची 46 गुणसूत्रे निश्चित केली. 1964 मध्ये लेवान, फ्रेडगा आणि सँडबर्ग यांनी गुणसूत्रबिंदूच्या स्थानावरून गुणसूत्रांचे प्रकार ठरवून दिले. त्यामुळे माशांच्या गुणसूत्रांची तुलनाही शक्य झाली.

1973 मध्ये सुसुमु ओनो आणि सहकाऱ्यांनी टकर यांचा प्रश्न हाती घेतला. दोन्ही अहिरांत गुणसूत्रे 38 च असतात. पण यावरून जात एकच ठरत नाही. पॅसिफिकमध्ये विणणाऱ्या जपानी अहिरातही 38 च असतात, आणि ती जात निःसंशय वेगळी आहे. निकाल लागला तो सूत्रकणिकांतील डीएनएवरून. 1986 मध्ये जॉन अ‍ॅव्हाइस आणि सहकाऱ्यांना दोन्ही अहिरांत स्पष्ट फरक आढळला. 2008 पासून युरोपीय अहीर अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो.

उलट उदाहरण

वाम ज्या गणात येते, त्याच गणात दलदलीतला मोनोप्टेरस अल्बस हा मासा आहे. वामीत 48 गुणसूत्रे, तर मोनोप्टेरसमध्ये फक्त 24. दोन दांडीसारखी गुणसूत्रे गुणसूत्रबिंदूपाशी जुळली, तर दोन भुजांचे गुणसूत्र तयार होते. मोनोप्टेरसची सर्व 24 गुणसूत्रे मात्र दांडीसारखीच आहेत. म्हणजे केवळ अशा साध्या जोडणीने संख्या घटली, असे म्हणता येत नाही. टोकाला टोक जुळण्यासारखे बदलही मानावे लागतात.

सारांश

समान संख्या म्हणजे एकच जात नव्हे आणि भिन्न संख्या म्हणजे दूरचे नाते नव्हे. संख्येबरोबर गुणसूत्रांचा आकार, त्यांवरील पट्टे आणि डीएनए यांचा पुरावा एकत्र पाहावा लागतो.

स्वाध्याय

1. टकर यांचे मत केवळ गुणसूत्रांच्या संख्येवरून का खोडता आले नाही?
2. 48 वरून 24 गुणसूत्रे कशी झाली असतील, ते आकृती काढून स्पष्ट करा.