पट्टे देऊ केले, कारभार नव्हे

माघ पौर्णिमेला आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची वाट माणसांनी फुलून जाते. सालेकसा तालुक्यातील त्या गुहांकडे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड बांधव येतात. या समाजाने एकदा सरकारशी तहाची बोलणी करताना काय मागितले होते, हे आम्ही शेजाऱ्यांनी क्वचितच विचारले असेल.

चंद्रपूरला लागून असलेला आसिफाबादचा डोंगराळ मुलूख तेव्हा निझामाच्या राज्यात होता. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते सरकारी ठरली. त्यातच चराईचा कर आणि जंगल खात्याच्या शिपायांचा जाच. या अन्यायाविरुद्ध कोमरम भीमने जोडेघाटसह बारा गावे उभी केली.

गोंडांमध्ये सांगितली जाणारी हकीकत अशी, की सरकारने बोलणी लावून त्या गावांना जमिनीचे पट्टे देऊ केले. भीमने ते नाकारले. बारा गावांचा कारभार गावांच्याच हाती हवा, ही त्याची मागणी होती. यात हट्ट नव्हता, असे आम्हांस वाटते. ज्या हाताने पट्टा मिळतो, त्याच हाताने तो काढूनही घेतला जातो, हे त्या लोकांनी सोसले होते. बोलणी फिसकटली. ऑक्टोबर 1940 मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्याचे साथीदार मारले गेले.

पुढे निझाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडोर्फ यांना पाचारण केले. त्यांच्या प्रयत्नांनी अनेक गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले. स्वशासन मात्र राहूनच गेले.

स्वतंत्र भारतात संविधानाची पाचवी अनुसूची आली, 1996 मध्ये अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला. परंतु महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांच्या 1985 च्या यादीत भंडारा जिल्हा नव्हता. म्हणून 1999 मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदियाही त्या कायद्याबाहेर राहिला. येथील ग्रामसभांना मोठा आधार मिळाला तो 2006 च्या वनहक्क कायद्याचा.

ज्या जिल्ह्यात गोंडांचे सर्वांत मोठे तीर्थ, तेथे पेसा नाही! कचारगडच्या यात्रेकरूला वाटेत पाण्याचा तांब्या देताना आम्ही एवढे तरी ध्यानी ठेवावे, की भीमने मागितले ते दान नव्हते, आपल्या गावाचा कारभार होता.