जगप्रसिद्ध सॅक्सोफोनवादक पवईच्या आश्रमात काय शोधायला आला होता?

पवई म्हटलं की देवनार, घाटकोपरकडच्या माणसाला तलाव, आयआयटी आणि हिरानंदानीच्या इमारती आठवतात. याच पवईतल्या एका आश्रमात १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक अमेरिकन माणूस काही महिने योग आणि वेदान्त शिकत होता. जॅझच्या दुनियेत तेव्हा त्याचा दबदबा होता. त्याचं नाव सॉनी रॉलिन्स.

रॉलिन्स यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. ऐन विशीत ते हेरॉइनच्या नादी लागले, तुरुंगातही जाऊन आले. १९५५ मध्ये उपचार घेऊन व्यसनातून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम केला. तोही एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला! आई गायची त्या कॅरिबियन लोकधुनेवरचं 'सेंट थॉमस' यातलंच. जॅझ कधीच ऐकलं नसेल, तर सुरुवात इथून करा.

आता जॅझमध्ये उत्स्फूर्त वादन म्हणजे नेमकं काय? आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. मग त्या धुनेखालची कॉर्ड्सची साखळी आवर्तनासारखी फिरत राहते आणि वादक दर फेरीत तिच्यावर जागच्या जागी नवी सुरावट रचतो. रॉलिन्स यांची खासियत अशी, की ते धुनेतला एखादा छोटा तुकडा उचलायचे, तो उलटासुलटा करायचे, लांबवायचे आणि फिरून त्याच्याकडेच यायचे. ख्यालातली बढत ऐकलेल्या कानांना हे फार परकं वाटणार नाही. याच अल्बममधल्या 'ब्लू सेव्हन'वर गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये मोठा लेख लिहिला. रॉलिन्स यांचं म्हणणं मात्र असं, की एवढा विचार करून आपण वाजवलंच नव्हतं.

कौतुक चहूकडून होत होतं, तरी त्यांचं स्वतःचं समाधान होईना. १९५९ मध्ये त्यांनी कार्यक्रम चक्क बंद केले. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून ते विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करू लागले. खाली नदी, बाजूला लोकलची धडधड. थंडी असो वा ऊन, कधी कधी दिवसाला पंधरा-पंधरा तास. हे दोन वर्षं चाललं. परतल्यावर १९६२ मध्ये आलेल्या अल्बमचं नाव होतं 'द ब्रिज'.

काही वर्षांनी पुन्हा तीच अस्वस्थता. या वेळी वाट पवईकडे वळली. तिथे त्यांची अडचण अगदी साधी होती. डोळे मिटून बसलं की मन स्थिर होईना. त्यांनी हे गुरूंना सांगितलं. उत्तर मिळालं, की तुम्ही सॅक्सोफोन वाजवता तेव्हा तुमचं ध्यानच चाललेलं असतं. ही आठवण रॉलिन्स पुढे मुलाखतींमधून अनेकदा सांगत राहिले. आपल्याकडच्या गवयाला यात नवीन काही वाटणार नाही. पण व्यसन आणि नाइटक्लबच्या जगातून आलेल्या माणसाला आपलं रोजचं कामच साधना आहे हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा मंचावर आले. १९७८ मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' झाली तेव्हा ते इथे वाजवायला आले होते. पुढे अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ आर्ट्सही मिळालं. फुफ्फुसाच्या आजारामुळे २०१२ नंतर जाहीर कार्यक्रम थांबले आणि २०१४ मध्ये वाजवणंही सुटलं.

त्यांच्या रियाजाच्या वह्या आता हार्लेममधल्याच शोम्बर्ग सेंटर या संग्रहात आहेत. बोटं कशी ठेवायची इथपासून खाण्यापिण्याच्या पथ्यापर्यंतच्या नोंदी त्यात सापडतात.