एका परत गेलेल्या पुस्तकाची हकीकत

नवे पुस्तक छापून झाले की प्रकाशक त्याची एक प्रत नियतकालिकांच्या संपादकांकडे अभिप्रायार्थ पाठवितो. संपादकास सवड असली आणि पुस्तकात काही दम असला तर त्याचे परीक्षण छापून येते. नाही तर 'साभार पोच' या सदराखाली एका ओळीत त्याची बोळवण होते. पोचेच्या यादीत गाडले जाणे हे ग्रंथकारांचे नेहमीचेच दुःख आहे आणि त्याबद्दल कोणी वर्तमानपत्रांत ओरड करीत नाही. परंतु १९५९ साली इंग्लंडात एक पुस्तक पोचेच्या यादीतही न शिरता जसेच्या तसे प्रकाशकाकडे परत आले, आणि त्या एका प्रतीवरून लंडनच्या 'टाइम्स' पत्रात जवळजवळ तीन आठवडे पत्रांची झोड उठली. भांडण तत्त्वज्ञांचे होते, तेव्हा त्यात शाईखेरीज काही सांडले नाही हे खरे. तथापि विद्येच्या दरबारात कोणास आत घ्यावयाचे हे कोणी ठरवावे, आणि येणारा द्वारपालावरच फिर्याद घेऊन आला असेल तर द्वारपालाने काय करावे, हा त्यातील प्रश्न लहान नव्हता.

पुस्तक परत करणारे नियतकालिक म्हणजे 'माइंड' हे त्रैमासिक. १८७६ साली अलेक्झांडर बेन या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने पदरमोड करून ते काढले व आपले शिष्य क्रूम रॉबर्टसन यांस संपादक नेमले. १८९२ पासून स्टाउट, १९२१ पासून जी. ई. मूर आणि १९४७ नंतर गिल्बर्ट राइल असा पुढील क्रम आहे. राइल १९७१ पर्यंत त्या गादीवर होते. म्हणजे पंचाण्णव वर्षांत अवघे चार संपादक झाले. इंग्रजी तत्त्वज्ञानात 'माइंड'मध्ये लेख येणे ही विद्वत्तेची सनदच समजली जाई. मासिक गंभीर खरे, पण त्याच्या भक्तांना विनोदाचे वावडे नव्हते. १९०१ साली शिलर नावाच्या ऑक्सफर्डच्या एका खोडकर अध्यापकाने 'माइंड'चे नाव उद्गारचिन्हासह घेऊन एक विडंबन-अंक काढला. त्यात परब्रह्माचे, म्हणजे त्या काळच्या चिद्वाद्यांच्या 'निरपेक्ष सत्'चे, छायाचित्र म्हणून कोरे पान छापले होते! आमच्याकडील वेदान्ती मंडळींस त्या चित्रात चूक काढता आली नसती.

लेख निवडण्याची रीत मात्र अगदी घरगुती होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६५ पासून चाललेल्या आपल्या 'ट्रान्झॅक्शन्स'साठी १७५२ साली निवडसमिती नेमली आणि १८३० नंतर जाणकारांचे लेखी अभिप्राय मागविण्याचा प्रघात पाडला. तत्त्वज्ञांना या सोपस्काराची गरज बराच काळ भासली नाही. संपादक स्वतः लेख वाची, फार तर एखाद्या मित्रास विचारी, आणि निकाल कळवी. अशा व्यवस्थेत सारे काही संपादकाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहते. ते मोठेपण कसे असते याचा एक दाखला याच त्रैमासिकाच्या इतिहासात आहे. १९०५ साली बर्ट्रांड रसेल यांनी शब्द आणि त्यांनी दर्शविलेली वस्तू यांच्या संबंधाविषयी एक लेख धाडला. स्टाउट यांस तो इतका विपरीत वाटला की, 'पुन्हा एकदा विचार करा आणि छापण्याचा आग्रह सोडा' अशी विनंती त्यांनी लेखकास केली. रसेल यांनी आग्रह सोडला नाही, आणि स्टाउट यांनी तो लेख छापला. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञानात त्या लेखाएवढी चर्चा फारच थोड्या लेखांची झाली असेल. स्टाउट यांची पारख चुकली हे उघड आहे. परंतु आम्हांस त्यांचे कौतुक वाटते ते पारखीचे नव्हे. स्वतःस न पटलेल्या मजकुरास त्यांनी आपले पान दिले, याचे.

राइल यांच्या कारकीर्दीकडे वळण्यापूर्वी त्यांच्या पंथाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डात असे मत प्रबळ झाले की, तत्त्वज्ञानातील पुष्कळसे पुरातन प्रश्न हे प्रश्नच नसून भाषेच्या गैरवापराने पडलेल्या गाठी आहेत. नित्य व्यवहारात शब्द कसे वापरले जातात हे नीट पाहिले की त्या आपोआप सुटतात. राइल यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. पाहुण्यास ऑक्सफर्डातील कॉलेजे, ग्रंथालये, क्रीडांगणे सगळी दाखविली, आणि तो शेवटी विचारतो, "हे सारे ठीक, पण विद्यापीठ कोठे आहे?" देहाच्या व्यापारांपलीकडे मन नावाचा निराळा पदार्थ शोधणारे तत्त्वज्ञ या पाहुण्याच्या जातीचे, असे राइल यांचे म्हणणे.

संपादक या नात्याने ते संकुचित होते असे म्हणता येणार नाही. यंत्रास विचार करता येईल काय या विषयावरील ट्यूरिंग यांचा लेख १९५० च्या ऑक्टोबरात 'माइंड'मध्येच आला. आज संगणकाविषयी बोलताना त्या लेखाचे नाव घेतल्यावाचून कोणाचे चालत नाही. त्याच वर्षी स्ट्रॉसन या तरुण अध्यापकाने रसेल यांच्या १९०५ च्या सिद्धान्तावर केलेला हल्ला राइल यांनी छापला, आणि १९५७ साली रसेल यांनी दिलेले झणझणीत उत्तरही छापले. मग दोनच वर्षांनी असे काय घडले?

अर्नेस्ट गेलनर यांचे 'शब्द आणि वस्तू' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लंडनच्या गोलांझ या प्रकाशनसंस्थेने १९५९ साली काढले. गेलनर जन्मले पॅरिसात, वाढले प्राग शहरात. ज्यू कुटुंबातले, म्हणून १९३९ साली घरच्यांबरोबर इंग्लंडला आले. ते बॅलिओल कॉलेजात शिकले, युद्धाच्या अखेरीस चेक पलटणीत लढले, आणि पुढे लंडनच्या अर्थशास्त्र-विद्यालयात समाजशास्त्र शिकवू लागले. मोरोक्कोच्या डोंगराळ मुलखातील बर्बर जमातींचा त्यांनी अभ्यास चालविला होता. एखाद्या जमातीचे विधी, निष्ठा व निषिद्धे पाहण्याची जी दृष्टी त्यांना तेथे लाभली, तीच त्यांनी ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञांवर रोखली. या पंथाचे सिद्धान्त कोठे चुकतात हे त्यांनी दाखविलेच. शिवाय हे सिद्धान्त कोणत्या वर्गास सोयीचे आहेत, सुखवस्तू अध्यापकांना जगाविषयी काही न बोलता तत्त्वज्ञ म्हणून मिरविण्याची सवलत त्यांतून कशी मिळते, हेही सांगितले. भाषा धारदार व उपहासाची होती. प्रस्तावना रसेल यांची होती. टीका झालेल्यांत खुद्द राइल होते.

राइल यांनी प्रत परत केली. सोबतच्या चिठ्ठीचा आशय असा की, निंदानालस्तीने पुस्तक कदाचित खपेल, पण त्याच कारणाने ते शास्त्रीय लेखन म्हणून विचारात घेण्यास अपात्र ठरते. सबब 'माइंड'मध्ये त्याचे परीक्षण येणार नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रसेल यांचे पत्र 'टाइम्स'मध्ये आले. त्या वेळी ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि भांडणाचा त्यांचा उत्साह तिळभर कमी झाला नव्हता. पुस्तकाला आपलीच प्रस्तावना आहे हे त्यांनी पत्रातच सांगून टाकले, आणि मग विचारले की, संपादकाची मते न मानणाऱ्या पुस्तकांवर बहिष्कार पडू लागला तर हे मान्यवर त्रैमासिक परस्परांची पाठ थोपटणाऱ्या टोळक्याचे मुखपत्र होणार नाही काय? राइल यांचे उत्तर अगदी आखूड होते. पुस्तकात ओळखू येतील अशा अध्यापकांवर अप्रामाणिकपणाचे सुमारे शंभर आरोप आहेत, असे त्यांनी लिहिले, आणि त्यांतील निम्मे कोणत्या पानांत सापडतील हेही आकड्यांनिशी कळविले! पुढे पत्रांची रीघ लागली. कोणी म्हणे, संपादकाचा अधिकार तो संपादकाचा. कोणी म्हणे, टीका आणि निंदा यांतील भेद वाचकांस कळतो, तो संपादकाने परस्पर ठरवू नये. गेलनर यांनीही त्या शंभर आरोपांची आपल्यापरीने झडती घेतली. नीत्शेने मिलसारख्या थोर पुरुषास शेलक्या शब्दांत हिणविले होते, म्हणून नीत्शेचे ग्रंथ विचारात घ्यावयाचे नाहीत की काय, असा सवाल रसेल यांनी पुन्हा एकदा टाकला. अखेर 'टाइम्स'ने स्वतःचा अग्रलेख लिहून पडदा पाडला.

या वादात राइल यांची बाजू अगदीच लंगडी होती असे आम्हांस वाटत नाही. सिद्धान्ताचे खंडन करावे, सिद्धान्त मांडणाराच्या हेतूवर जाऊ नये, हा वादाचा जुना नियम आहे. वाद, जल्प आणि वितंडा हा भेद आमच्या नैयायिकांनी न्यायसूत्रांच्या काळापासून उगीच केलेला नाही. अमुक मत हे अमुक वर्गाच्या सोयीतून निपजले असे म्हटले की, त्या मताचे खरेखोटेपण बाजूस राहते आणि मत धरणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो. गेलनर यांच्या पुस्तकात हा दोष आहेच. परंतु तो दोष आहे असे म्हणावयाचे तर ते कोठे म्हणावयाचे? परीक्षणातच ना! एखाद्या कडक परीक्षकास पुस्तक देऊन त्याच्या चिंधड्या उडविण्याची मोकळीक राइल यांस होती, आणि त्या वेळच्या ऑक्सफर्डात तशा धारदार लेखण्यांची वाण नव्हती. पुस्तकाचे परीक्षण छापणे म्हणजे त्याची भलामण करणे नव्हे. ते न छापता परत करणे म्हणजे मात्र वाचकांच्या वतीने निकाल देऊन तो त्यांस कळूही न देणे होय. 'टाइम्स' नसता तर तो कोणास कळला असता?

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. ज्या पुस्तकात आपल्यावर टीका आहे त्याचा निवाडा आपण करू नये, हे राइल यांच्यासारख्या सूक्ष्म बुद्धीच्या माणसास सुचले नाही. निर्णय दुसऱ्या कोणावर सोपविता आला असता. निदान आपण यात पक्षकार आहोत असे चिठ्ठीत लिहिता आले असते. रसेल हेही पक्षकारच होते, किंबहुना नव्या पंथावरचा त्यांचा राग सर्वश्रुत होता. पण प्रस्तावना आपली आहे असे त्यांनी प्रथमच सांगितल्यामुळे वाचकांस त्यांच्या शब्दांतून योग्य ती सूट वजा करता आली. राइल यांनी ती संधी कोणास दिली नाही. आणि ते लबाड होते म्हणून असे झाले, हे तर मुळीच नव्हे. प्रामाणिक माणसास आपल्या प्रामाणिकपणाची खात्री असते, आणि त्या खात्रीमुळेच त्याला आपला पक्षपात दिसत नाही.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. परत पाठविलेल्या पुस्तकास जी कीर्ती मिळाली ती दहा परीक्षणांनी मिळाली नसती. दोन वर्षांनी लाहोरात जन्मलेले वेद मेहता हे तरुण लेखक या भांडणाचा माग काढीत लंडन-ऑक्सफर्डात हिंडले आणि रसेल, गेलनर, राइल, एयर, स्ट्रॉसन अशा साऱ्यांना भेटून आले. बालपणीच दृष्टी गमावलेल्या या गृहस्थांनी त्या मंडळींची जी हुबेहूब शब्दचित्रे 'न्यू यॉर्कर'मध्ये रेखाटली, ती १९६२ साली पुस्तकरूपाने निघाली. घरंदाज इंग्रज पंडितांची ही भाऊबंदकी अमेरिकेच्या वाचकांस एका हिंदी लेखकाने समजावून सांगितली, ही मौज नमूद करण्याजोगी आहे.

पुढील दशकांत एकट्या संपादकाचा अंमल संपला. आज तत्त्वज्ञानाच्या बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिकांत लेखकाचे नाव झाकून लेख परीक्षकांकडे जातो, परीक्षकाचे नाव लेखकास कळत नाही, आणि काही ठिकाणी तर निर्णय होईपर्यंत संपादकासही लेखक कोण हे ठाऊक नसते. ही सुधारणा मोलाची आहे. मोठ्या विद्यापीठाचा शिक्का पाहून लेख स्वीकारण्याच्या खोडीस तिने आळा घातला. पण गेलनर यांस तिचा काय उपयोग झाला असता? छापील पुस्तकावरचे नाव झाकता येत नाही. कोणते पुस्तक परीक्षणास घ्यावयाचे आणि ते कोणाच्या हाती द्यावयाचे हे अजूनही संपादकच ठरवितो.

आणि पडद्याआडून झालेला निर्णय सर्वांस मानवतोच असेही नाही. २०१७ साली 'हायपेशिया' या स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या अमेरिकेतील त्रैमासिकात एका तरुण अध्यापिकेचा लेख परीक्षकांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. स्त्रीपुरुषत्वाविषयी व्यक्तीने स्वतः केलेला निर्णय मान्य करण्यास जी कारणे दिली जातात, तीच वंशाविषयी का लागू करू नयेत, असा त्यात प्रश्न होता. लेखिकेने संबंधित लोकांचे स्वतःचे लिखाण पुरेसे विचारात घेतले नाही, असा आक्षेप निघाला. तो आक्षेप विचार करण्याजोगा होता, आणि उत्तरादाखल लेख लिहून मांडता आला असता. त्याऐवजी लेखच मागे घ्या अशी मागणी करणारे खुले पत्र निघाले व त्यावर आठशेहून अधिक सह्या झाल्या. सहसंपादक मंडळातील बहुसंख्यांनी लेख छापल्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. राइल यांनी दार उघडलेच नव्हते. येथे रीतसर आत घेतलेल्या पाहुणीस घरच्याच मंडळींनी उंबऱ्याबाहेर काढावयाचे ठरविले. मुख्य संपादिका मात्र ठाम राहिल्या. परीक्षणात काही खोट असल्याचे दाखविल्यावाचून केवळ नापसंतीसाठी लेख परत घेता येत नाही, या भूमिकेवरून त्या ढळल्या नाहीत, आणि संचालकांनी त्यांस पाठिंबा दिला. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले. सहसंपादकही पायउतार झाले. लेख मात्र ज्या अंकात छापला होता त्या अंकात आहे.