शेकडा ९५

मंडळी, इतिहास म्हटला की आमच्या सातारा-सांगलीकडे छत्रपतींची गादी नाहीतर पत्री सरकार. आज जरा अलीकडचा इतिहास लिहिते, एचआयव्हीच्या गोळ्यांचा.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. तोवर परदेशी औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर लागत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषध फुकट सुरू केलं, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे साताऱ्यात आणि सांगलीतही सरकारी दवाखान्यांत केंद्रं आली.

खरी परीक्षा त्यानंतरची. सकाळी एक, रात्री एक, महिन्याच्या ६० गोळ्या. उरलेल्या केंद्रात मोजत. शेकडा ९५ घेतलेल्या हव्यात, म्हणजे महिन्यात तीन चुकल्या की काठावर. वरचेवर चुकल्या तर विषाणू औषधाला दाद देत नाही. (आणि आम्ही मास्तरलोक जन्मभर ३५ ला पास करत आलो!)

त्यात आमची माणसं घरी कुठे असतात? विटा-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळायला देशभर, माण-पाटणची मुंबईला माथाडी. दिवाळीला नाहीतर जत्रेला गावी. केंद्र बदलायचं तर कागद न्या, परक्या गावात पुन्हा सगळं सांगा. शिवाय सुरुवातीच्या गोळ्यांतल्या स्टॅव्हुडिनने गाल बसत, पायांची आग होई. चेहऱ्यावरूनच लोक ओळखतील म्हणून काहीजण गोळ्या सोडत. ते औषध पुढे बंद झालं.

सांगलीत मीना शेषू यांची संग्राम संस्था १९९२ पासून होती. १९९६ मध्ये वेश्याव्यवसायातल्या बायकांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. एकमेकींना धरून राहायचं, हे आम्हा शिकलेल्यांच्या आधी त्यांना कळलं, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी केंद्रांतही पुढे एचआयव्ही असलेलीच माणसं मदतीला नेमली गेली, ते उगीच नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, गलाईवाल्याची बायको. नवरा गेल्यावर तिलाही कळलं. सासरी सांगायची सोय नव्हती. गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात. दर महिन्याला दोन एसट्या बदलून केंद्रात जायचं, तर घरी सांगायची, ‘बाईंकडे शिवण शिकायला जाते.’ कुणी विचारलं तर मी ‘हो, येते की’ म्हणायची. असो.

आता दिवसाला एकच गोळी आहे. परवा मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली, सोबत सासूबाई. चहा घेता घेता मला म्हणाल्या, “बाई, एवढी वर्षं तुमच्याकडं येती, पण हिला अजून साधं झंपर शिवता येईना बघा!”