गोडी नसलेली साखर

चीनच्या ‘शेन्नोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन औषधिग्रंथात ‘शीहू’ या वनस्पतीची नोंद आढळते. शीहू म्हणून वापरल्या गेलेल्या अनेक जातींपैकी सर्वाधिक मोल आले ते डेंड्रोबियम ऑफिसिनाले या आमरीला, म्हणजेच ऑर्किडला. कडेकपारींवर आणि झाडांच्या खोडांवर ती वाढते. तिचा दांडा चावला की चिकट रस सुटतो. हा चिकटपणा मुख्यतः ग्लुकोमॅननचा, म्हणजे मॅनोज आणि ग्लुकोज या शर्करांच्या लांब साखळीचा. तिला साखरेची गोडी नाही. पाणी धरून ठेवणे आणि फुलोऱ्यासाठी अन्नसाठा राखणे, हे तिचे काम.

मागणी वाढली तसे कडे ओसाड होत गेले. लागवड करावी, तर अडचण बियांची होती. ऑर्किडचे बी धुळीएवढे असते आणि त्यात शिदोरी जवळजवळ नसतेच. ते रुजते बुरशीच्या आधाराने, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये ओळखले. 1922 मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी बुरशीला वगळून बियांना थेट साखर दिली, आणि ती काचनळीत रुजली. चीनमधील आजची लागवड याच मार्गाने येते: प्रयोगशाळेतील रोपे, मग छपराखाली देवदारवर्गीय झाडांच्या सालीच्या तुकड्यांवरील वाफे.

छपराखालच्या रोपांत तीच साखर असते का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. चीनच्या 2010 च्या औषधकोशाने या जातीला स्वतंत्र स्थान दिले आणि वाळलेल्या दांड्यात किमान 25 टक्के बहुशर्करा असावी, अशी अट घातली. मोजमाप होते फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाने. आम्ल साखळी तोडते आणि रंगाच्या गडदपणावरून शर्करेचे प्रमाण कळते. साखळी किती लांब होती, तिच्यावर अ‍ॅसिटिल गट कोठे होते, हे मात्र त्या रंगात उरत नाही. मॅनोजचे प्रमाणही निराळे तपासावे लागते.

दरम्यान अनेक शेतकऱ्यांनी काचेत जन्मलेली रोपे पुन्हा जंगलातील खोडांवर बांधली. तेथे खत नाही. सावली, दव आणि कोरडेपणा जसा येईल तसा. बाजारात अशा मालाला अधिक भाव मिळतो. त्यात साखर नेहमी अधिकच असते, असे मात्र नाही. वाण, दांड्याचे वय आणि तोडणीचा महिना यांनीही आकडा हलतो. फुलोऱ्यात साठा खर्ची पडतो, म्हणून औषधकोश तोडणीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ सांगतो. केवळ ‘वनातले’ या चिठ्ठीवर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल.

भारतात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. हिमालयातील सालमपंजा, म्हणजे डॅक्टिलोरायझा हटागिरिया, याच्या पंजासारख्या कंदातही ग्लुकोमॅननच असते. डेंड्रोबियमचा दांडा कापला तरी बुंध्यातून नवा फुटवा येतो. सालमपंजाचा कंद खणला की झाडच जाते.